सेंट लुई : दोन दिवसांत कोणता इतिहास पाहावा?

सेनेगलमधील सेंट लुईसाठी हाताशी दोनच दिवस असतील, तर हे शहर कोणाच्या नजरेने पाहायचे ते आधी ठरवावे. १६५९ साली फ्रेंचांनी सेनेगल नदीच्या मुखाजवळील बेटावर हे ठाणे वसवले. स्थानिक लोक त्याला आजही 'न्दार' म्हणतात.

पहिला दिवस बेटाचा. लोखंडी फेदेर्ब पूल, गव्हर्नरवाडा, सज्जांची जुनी घरे पायीच पाहून होतात. येथून गुलाम आणि डिंक जहाजांवर चढत. डिंकाच्या बदल्यात वाळवंटातील व्यापाऱ्यांना मिळणारे निळे कापड येई ते आपल्या पुदुच्चेरीहून. म्हणजे या वखारींच्या हिशेबात भारतीय विणकरही आहे.

१८९५ साली याच शहरात सूफी शेख अहमदू बंबा यांची चौकशी झाली आणि त्यांना गॅबॉनला हद्दपार केले गेले. त्यांनी हत्यार उचलले नव्हते. वाढते मुरीद हीच हुकूमतीची भीती होती. गव्हर्नरसमोर त्यांनी दोन रकअत नमाज अदा केली, असे मुरीद मानतात. तिच्या आठवणीत दरवर्षी ५ सप्टेंबरला येथे सामूहिक नमाज होते.

दुसरा दिवस गेत न्दार या कोळीवाड्याचा. २००० साली युनेस्कोने बेटाला जागतिक वारसा ठरवले. २००३ साली पूर टाळण्यासाठी वाळूच्या पट्ट्यात खोदलेला छोटा चर समुद्राने किलोमीटरभराहून रुंद केला. दक्षिणेकडील वस्ती गेली. गेत न्दारची घरेही लाटा पाडत आहेत.

गव्हर्नरचा वाडा उद्याही उभा असेल. कोळ्याचे घर असेलच असे नाही. म्हणून दुसरा दिवस वाचवू नये.