सरकारी आणि लष्करी सेवेतले दंतवैद्य व त्यांचा संघ

सरकारी किंवा लष्करी नोकरीतल्या दंतवैद्याला व्यावसायिक संघाच्या सदस्यत्वातून जे मिळते, ते स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्याला मिळणाऱ्या लाभांहून वेगळे असते. हा फरक इतिहासातून आला आहे. सैनिकाचे दात ही सरकारची गरज फार आधी ठरली, दंतवैद्य लष्करी नोकरीत फार उशिरा आला, आणि संघ उभा केला तो मुख्यतः खासगी व्यवसाय करणाऱ्यांनी.

दातांची ही गरज कशी होती, हे असीरगडासारख्या किल्ल्याच्या इतिहासातून कळते. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, सातपुड्यातून उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर हा किल्ला आहे. ‘दख्खनचा दरवाजा’ हे त्याचे जुने वर्णन. १६०१ मध्ये अकबराने तो फारुकी सुलतानाकडून घेतला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो निजामाकडून पेशव्यांकडे आला, आणि पुढे शिंद्यांकडे गेला. ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हनसनने तो जिंकला, पण त्याच वर्षाअखेर झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर तो शिंद्यांना परत मिळाला. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांना इथे आसरा मिळाल्याच्या कारणावरून १८१९ मध्ये जनरल डव्हटन आणि सर जॉन माल्कम यांच्या फौजांनी वेढा घातला. किल्लेदार यशवंतराव लाड यांनी ९ एप्रिलला किल्ला खाली करून दिला, आणि तेव्हापासून असीरगडावर इंग्रजांची शिबंदी राहिली.

त्या वेढ्यात दोन्ही बाजूंना तोंडाकडून दारू भरायच्या बंदुका होत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाला दारू आणि गोळी कागदी काडतुसात मिळे. त्या काडतुसाचे टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, अशी कवायत होती. समोरासमोर बसणारे मजबूत दात नसलेला माणूस बंदूक भरू शकत नसे, म्हणून भरतीच्या वेळी डॉक्टर दात बघत. युरोपातल्या सैन्यांतही हीच रीत होती. काडतुसे दातांनी फाडण्याच्या याच रिवाजाचे निमित्त होऊन १८५७चा भडका उडाला. १८६०च्या दशकाअखेर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि दातांचे हे काम संपले. मात्र तोपर्यंत दात बघितले गेले ते भरतीपुरतेच. शिपायाचा दात दुखू लागला तर पलटणीचा सर्जन किंवा त्याच्या हाताखालचा नेटिव्ह डॉक्टर चिमट्याने तो उपटत असे. दात वाचवणे हे त्या काळच्या लष्करी वैद्यकाचे काम मानले जात नव्हते.

नोकरीत असताना मिळणारा आधारही तेव्हा धन्याकडून येई, किंवा नोकरदारांनी आपसांत उभारलेल्या निधीतून. मराठी राज्यात लढाईत पडलेल्याच्या कुटुंबाला ‘बालपरवेशी’ मिळे. म्हणजे मागे राहिलेल्यांच्या पोटापाण्याची सोय सरकार करी. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी वर्गणीतून निधी काढले. मुंबई इलाख्यातला ‘बॉम्बे मिलिटरी फंड’ १८१६चा. अधिकाऱ्याच्या विधवेला आणि मुलांना त्यातून निवृत्तिवेतन मिळे. पगारातून ठरलेली वर्गणी द्यायची आणि अडचणीच्या वेळी एकत्र पैशातून मदत घ्यायची, ही कल्पना पुढच्या सगळ्या व्यावसायिक संघांच्या मुळाशी आहे. अर्थात हे निधी अधिकाऱ्यांचे होते. साध्या शिपायाला त्यात जागा नव्हती.

१९०४ मध्ये असीरगडावरची पलटण हलवण्यात आली. तोवर ब्रिटिश सैन्याला दंतवैद्यांचे स्वतंत्र दलही नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात खराब दातांमुळे मोठ्या संख्येने सैनिक निकामी ठरले, तेव्हा विषय प्रथम गांभीर्याने घेतला गेला. पहिल्या महायुद्धातही फ्रान्सच्या आघाडीवर सुरुवातीला ब्रिटिश सैन्याकडे दंतवैद्य नव्हते. अखेर १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये दंत दल स्थापन झाले. हिंदी सैन्यासाठी आर्मी डेंटल कोअरची स्थापना व्हायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले : साल १९४१. आज हे दल लष्कर, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही सेवांना दंतोपचार पुरवते. त्याचा प्रमुख महासंचालक लेफ्टनंट जनरल दर्जाचा असतो.

या काळात नागरी बाजूला जे घडत होते ते सरकारच्या पुढाकाराने नव्हे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले आणि ते बराच काळ स्वतःच्या मिळकतीवर चालवले. १९२५ मध्ये त्यांनी दंतविषयक नियतकालिकही सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. शिक्षण आणि नियतकालिक या दोन्ही गोष्टी जवळपास एकत्रच उभ्या राहिल्या. सरकारने पहिले मोठे पाऊल टाकले ते प्रांतिक पातळीवर, १९३९च्या बंगालच्या दंतवैद्य कायद्याने. देशभरासाठी कायदा झाला तो १९४८ मध्ये. त्यानुसार १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली आणि त्याच वर्षी इंडियन डेंटल असोसिएशन आकाराला आली.

परिषद आणि असोसिएशन यांची गल्लत नेहमी होते, म्हणून फरक स्पष्ट केलेला बरा. राज्याच्या दंत परिषदेकडची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. तिच्याशिवाय उपचार करता येत नाहीत, मग नोकरी सरकारी असो वा लष्करी. असोसिएशन ही स्वेच्छेची संस्था आहे. ती परवाना देत नाही. ती नियतकालिक, परिषदा, ज्ञान अद्ययावत ठेवणारे वर्ग, व्यावसायिक दायित्वाचे संरक्षण आणि सदस्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मदत देणाऱ्या योजना पुरवते. शेवटच्या योजनेत जुन्या निधींची कल्पना सरळ ओळखू येते.

संघाची रचना स्थानिक शाखेवर उभी आहे. दंतवैद्य आपल्या गावच्या शाखेत नाव घालतो, तिथून तो राज्य शाखेचा आणि मध्यवर्ती संघाचा सदस्य होतो. बुऱ्हाणपूर किंवा जळगावात आयुष्यभर दवाखाना चालवणाऱ्याला ही रचना सोयीची आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याला ती जाचक ठरते, कारण शाखेत ओळख होईपर्यंत पुढच्या ठाण्याचा हुकूम येतो. म्हणून असोसिएशनमध्ये राज्य शाखांच्या बरोबरीने संरक्षण दलांची स्वतंत्र शाखा आहे. अधिकारी लडाखला असो वा विशाखापट्टणला, त्याची शाखा बदलत नाही. अमेरिकेतही हाच प्रश्न असाच सुटला. तिथल्या डेंटल असोसिएशनमध्ये केंद्रीय सेवांतले दंतवैद्य राज्य संघाऐवजी थेट सदस्य होतात आणि त्या सेवांचे प्रतिनिधी संघाच्या सभागृहात बसतात. वर्गणीतली सवलत हा लाभ सहज डोळ्यांत भरतो, पण फिरत्या नोकरीत न तुटणारे सदस्यत्व त्याहून मोलाचे आहे.

पगार, बढती आणि सेवाशर्ती यांसाठी मात्र लष्करी दंतवैद्य संघाचा वापर करू शकत नाही. संघटना स्थापण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिला असला, तरी कलम ३३ नुसार सैन्यदलांपुरता तो मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे. लष्कर कायदा, १९५० च्या कलम २१ खाली त्या मर्यादा घालता येतात, आणि १९५४ च्या नियमांनुसार सैन्यदलांचा भाग म्हणून मान्यता नसलेल्या संस्थेत सक्रिय भाग घ्यायला केंद्र सरकारची संमती लागते. नागरी सेवेतल्या दंतवैद्याला इतकी बंधने नाहीत. त्याच्या सेवाविषयक मागण्या सरकारमान्य सेवा संघटना मांडतात. खासगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणारा व्यवसायरोध भत्ता, वरच्या पदांची निर्मिती, पदव्युत्तर शिक्षणासाठी रजा हे प्रश्न तिथले. त्यामुळे अनेकदा एकाच माणसाकडे दोन सदस्यत्वे असतात : एक नोकरीसाठी, दुसरे विद्येसाठी.

नुकसानभरपाईच्या दाव्यांपासूनचे संरक्षण हा खासगी दंतवैद्याच्या सदस्यत्वाचा सर्वांत वजनदार लाभ. सेवेत असलेल्याच्या बाबतीत तो कितपत लागू पडतो, हे न्यायालयांनी ठरवले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, पण सर्वांनाच मोफत मिळणारी सेवा तिच्याबाहेर ठेवली. पुढच्याच वर्षी औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातल्या १९६३च्या एका शस्त्रक्रियेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने डॉक्टरांच्या हलगर्जीपणाची भरपाई महाराष्ट्र शासनावर टाकली. पोटात राहिलेल्या टॉवेलमुळे रुग्ण स्त्रीचा मृत्यू झाला होता. निकाल लागायला तीन दशकांहून अधिक काळ गेला, हे त्या कुटुंबासाठी अत्यंत कठोर होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र स्पष्ट झाले की सरकारी सेवकाच्या चुकीची आर्थिक जबाबदारी शासन टाळू शकत नाही. म्हणून सेवेतल्या दंतवैद्याला विमाछत्राची गरज कमी भासते. ती संपत नाही, कारण फौजदारी तक्रारीला आणि विभागीय चौकशीला त्याला व्यक्तिशः तोंड द्यावे लागते, आणि तेव्हा जाणत्या सहकाऱ्याचा सल्ला लागतो.

सल्ल्याची ही गरज लहान गावात अधिक असते. जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात बहुधा एकच दंतशल्यचिकित्सक असतो. निमाड आणि खानदेश या पट्ट्यात तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांमुळे होणारे तोंडाचे आजार त्याच्याकडे सतत येतात. तोंड उघडेनासे झालेला तरुण, गालातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम यांतले कोणते लक्षण कर्करोगाकडे निघाले आहे हे वेळीच ओळखले तर रुग्ण वाचतो. त्यासाठी शाखेची मासिक बैठक, जवळच्या शहरातल्या तज्ज्ञाची ओळख आणि नियतकालिकातला लेख हाताशी असणे हे खरे लाभ आहेत.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. त्यात नियमनाची यंत्रणा नव्याने मांडली आहे. स्वेच्छेच्या संघाची जागा तिच्याबाहेरच राहते.

लष्करात अल्पमुदतीच्या नेमणुकीवर आलेला दंतवैद्य पाच वर्षांनी, आणि मुदत वाढली तर फार तर चौदा वर्षांनी, सेवेबाहेर पडतो. त्या वेळी त्याच्यापुढे बहुधा खासगी दवाखाना असतो. संघाची शाखा बदलून घेण्याची, वर्गणीचा दर बदलण्याची आणि दायित्वाचे संरक्षण प्रथमच स्वतःच्या नावावर घेण्याची वेळ त्याच्यावर तेव्हा येते.