यादीतून एक ओळ काढताना

ऑनलाइन किराणा मागवताना तुम्ही तूरडाळीपुढच्या फुलीवर बोट टेकवता आणि ती ओळ यादीतून नाहीशी होते. बाकीचे पान जागचे हलत नाही. आज याचे कुणाला नवल वाटत नाही, पण एवढ्याशा गोष्टीमागे बरीच वर्षे गेली आहेत.

सुरुवातीला वेबचे पान म्हणजे छापील कागदच. एक ओळ काढायची तर निरोप दूरच्या सर्व्हरकडे जायचा आणि तिथून अख्खे पान नव्याने यायचे. डायल-अपच्या दिवसांत परदेशी आलेल्या वाचकांना ते ताटकळणे आठवत असेल.

मे १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. आता काही कामे वाचकाच्या ब्राउझरमध्येच उरकू लागली, पण पानावरचे सगळेच तिच्या हाती नव्हते. १९९६ च्या नेव्हिगेटर ३ मध्ये फॉर्ममधल्या निवडीच्या यादीतला पर्याय काढता येई, साध्या मजकुराची ओळ मात्र नाही. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोरर ४ ने पान बदलण्याची बरीच मोकळीक दिली, पण दोन्ही कंपन्यांच्या तऱ्हा निराळ्या. एकच काम दोनदा लिहावे लागे.

१ ऑक्टोबर १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ‘डॉम’चा पहिला सामाईक नियम जाहीर केला. त्यात पान म्हणजे जणू वंशवृक्ष: यादी ही आई, ओळी ही तिची लेकरे. ओळ आपणहून बाहेर पडू शकत नसे, आईलाच ‘रिमूव्हचाइल्ड’ सांगावे लागे. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीने हे एका शब्दावर आणले. पुढे खुद्द ब्राउझरांनीही ओळीला थेट ‘रिमूव्ह’ म्हणण्याची सोय दिली. एक्सप्लोररला मात्र ती शेवटपर्यंत नव्हती.

एक फसगत मात्र अजून टिकून आहे. पाच ओळी एकामागून एक काढायला घ्या. पहिली काढताच दुसरी सरकून पहिलीच्या जागी येते, पण मोजणारा पुढे गेलेला असतो. शेवटी दुसरी आणि चौथी ओळ तशीच उरते. यावर जुना उपाय म्हणजे शेवटून सुरुवात करा.

आता तुमच्या कामाचे. ‘रिमूव्हचाइल्ड’ काढलेली ओळ नष्ट करत नाही, ती काढणाऱ्याच्या हाती परत देते. हवी तर ती दुसऱ्या यादीत लावता येते. शिवाय हे सारे घडते तुमच्या ब्राउझरमध्ये. सर्व्हरवरच्या नोंदीला त्याचा पत्ताही नसतो, तिला वेगळे कळवावे लागते. कित्येक ठिकाणी ओळ आधी दिसेनाशी होते आणि निरोप मागाहून जातो. तो वाटेतच अडला तर नोंद तशीच राहते.

म्हणून जुना पत्ता किंवा बँकेच्या कार्डाचा नंबर यादीतून काढलात, तर पान एकदा नव्याने उघडून पाहा. ओळ परत आली, तर ती फक्त पडद्यावरून गेली होती. नाही आली, तरी सर्व्हर ती आता दाखवत नाही, एवढेच कळले. ती खरोखर पुसली का, हे पडदा सांगू शकत नाही. ते ज्यांच्याकडे नोंद आहे त्यांनाच विचारावे लागते.