कुमारवाचक आणि मराठी कथेतील कामभावना

बारा ते सोळा या वयाच्या वाचकास मराठीत 'कुमार' म्हणण्याचा प्रघात आहे. मानसशास्त्रीय लेखनात त्याच वयास 'पौगंडावस्था' हे नाव रूढ झाले. संस्कृतातील एक प्रचलित वयोविभाग पाहिला तर हे दोन्ही शब्द मूळ जागेवरून सरकलेले दिसतात. तेथे कौमार पाचव्या वर्षापर्यंत, पौगंड दहाव्यापर्यंत, कैशोर पंधराव्यापर्यंत आणि त्यापुढे यौवन. म्हणजे नव्या वयोगटास नाव देताना मराठीने खालच्या वयाचे शब्द वर ओढले. यौवनाकडचा शब्द खाली आणला नाही. ही निवड केवळ कोशगत मानता येत नाही. कुमारांसाठी लिहिलेल्या कथेतून कामभावना दीर्घकाळ वगळली गेली, त्या वृत्तीचेच ते भाषेतील रूप होय.

हा मधला वयोगट निर्माण झाला तो शाळेमुळे आणि विवाहवयाच्या कायद्यांमुळे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून 1890 पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि 1891 साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा ठरविले. आपट्यांची यमू ज्या वयात सासरी नांदते त्या वयाची मुलगी पुढे कुमारवाङ्मयाची वाचक ठरली. यमूच्या यातना आपटे विस्ताराने सांगतात. तिच्या देहाविषयी मात्र कथन मौन पाळते. त्या काळाच्या मानाने याहून निराळी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

पुढील मौन अधिक हेतुपूर्वक आहे. 'श्यामची आई' 1935 साली प्रसिद्ध झाली आणि कुमारवाचनाचा नैतिक आदर्श बहुतांशी तिने निश्चित केला. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने त्या जगात सायकल, साहस व खट्याळपणा आणला, हे उपकार मोठेच. परंतु फुरसुंगीचा हा बनेश प्रेमात पडत नाही. याच कालखंडाच्या पूर्वार्धात, 1927 ते 1953 या वर्षांत, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर 1934 साली खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दोनशे रुपये दंड झालाच. एकीकडे कथा व दुसरीकडे शास्त्र, असे हे दोन प्रवाह मराठीत समांतर वाहिले. कर्व्यांचा शब्द भागवतांच्या पानावर कधी उतरला नाही.

कुमारवाचकाचा प्रश्न न्यायालयापुढे आला तो मात्र प्रौढांच्या कथेमुळे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेच्या आरोपावरून मुंबई उच्च न्यायालयाने लेखकास पंचवीस रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली तो निर्णय रद्द ठरविला. कथा वाङ्मयीन दृष्ट्या फारशी सरस नसेल, परंतु अल्पवयीनांस बिघडविण्याची प्रवृत्ती तीत नाही; शिवाय प्रौढांप्रमाणेच कुमारांच्याही हाती शृंगाराचा अंश असलेले पुष्कळ वाङ्मय पडत असतेच, असा त्या निकालाचा आशय होता. कुमार हा प्रौढांच्या कपाटातील पुस्तके वाचतो, ही घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट येथे प्रथमच मराठी कथेच्या निमित्ताने देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केली. बालसाहित्याच्या मीमांसकांनी या निकालाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' या कादंबरीने (2004) ही कोंडी वेगळ्या रीतीने फोडली. आणीबाणीच्या काळातील नववीचा मुकुंद आणि शिरोडकर यांची ही कथा 'कुमारांसाठी' असा शिक्का न घेताच आली. तिचे भाषिक सामर्थ्य मुलांच्या परिभाषेत आहे. 'लाइन' हा इंग्रजी शब्द येथे आकर्षण, मालकी, अफवा व आशा असे सारे अर्थ एकाच वेळी वाहतो. 'प्रेम' म्हणणे धाडसाचे आणि 'काम' म्हणणे अशक्य, अशा जागी हा उसना शब्द उपयोगी पडतो. मात्र संपूर्ण कथन मुलाच्या दृष्टीतून होते. शिरोडकरला काय वाटते, हे वाचकास तिच्या बोलण्यावरून आणि मुकुंदाच्या तर्कावरूनच कळते. यमूला निवेदनाचा जो अधिकार आपट्यांनी दिला तो तिला नाही.

महाराष्ट्र शासनाने 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबविला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड होताच 20 तारखेस संतप्त जमावाने स्थानकात रेल्वे रोखून धरली. त्या मुली कुमारवयाहून पुष्कळच लहान होत्या. तथापि शब्दांचा प्रश्न तोच आहे. देहाच्या गुह्य अवयवांसाठी मराठीत एक संस्कृतनिष्ठ पाठ्यपुस्तकी शब्द असतो आणि एक शिवीतला. मूल आईजवळ सहज उच्चारू शकेल असा मधला शब्द बहुधा घरापुरता, बोबडा असतो. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' ही शाळांतून शिकविली जाणारी जोडी इंग्रजीवरून आलेली आहे. तीही स्पर्शाचा गुण सांगते, अवयवाचे नाव घेत नाही.