भूत नाही, हे कधी सांगायचं?

समुपदेशनाचा इतिहास म्हटलं की तुम्हाला फ्रॉइड आठवत असेल. साताऱ्यात तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या वाटेनेही आला. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत एमबीबीएस झालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली. साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्रही उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला. त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा ठरवलं. मांत्रिक थांबला, पण बाईचा त्रास? तिला पहिल्याच भेटीत ‘भूत नसतं’ म्हणालात (खरं असलं तरी!) तर ती पुन्हा यायची नाही. म्हणून आधी झोपेचं विचारायचं, मग घरचं. जट सोडवतानाही तेच: कात्री शेवटी, आधी बाईची आणि सासूची भीती.