वेग आणि वाटेचे भान

शर्यत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे आखलेली वाट उभी राहते. मैदानावरील धावण्याची शर्यत असो की माळावरील बैलगाड्यांची, कोठून निघावयाचे आणि कोठे पोहोचावयाचे हे सर्वांस ठाऊक असते. प्रश्न एवढाच उरतो, की आधी कोण पोहोचतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत उत्तर युरोपातील अरण्यांत अशी एक शर्यत वाढीस लागली, की जिच्यात वाट आखलेलीच नसते. स्पर्धकाच्या हाती नकाशा व होकायंत्र दिले जाते. नकाशावर काही वर्तुळे काढलेली असतात. त्या प्रत्येक ठिकाणी रानात एक निशाण लावलेले असते. दिलेल्या क्रमाने त्या सर्व चौक्यांना भेट देऊन जो सर्वांत कमी वेळात परत येईल, तो विजयी. या खेळास ‘ओरिएंटियरिंग’ म्हणतात. आपण त्यास दिशाशोधनाची शर्यत म्हणू.

या खेळाचे मूळ लष्करी आहे. 1886 च्या सुमारास स्वीडनच्या लष्करी शिक्षणात हा शब्द रूढ झाला. अनोळखी मुलूख केवळ नकाशा व होकायंत्र यांच्या आधारे ओलांडणे, असा त्याचा अर्थ होता. सैनिकास हे कसब अंगी बाणवणे भागच होते. वाट चुकलेली तुकडी कितीही शूर असली तरी तिचा उपयोग काय? पुढे 31 ऑक्टोबर 1897 रोजी नॉर्वेच्या राजधानीनजीक नागरिकांसाठी पहिली जाहीर स्पर्धा झाली. अंतर होते साडेएकोणीस किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात चौक्या मात्र अवघ्या 3. विजेता पेडर फोसुम हा सुमारे पावणेदोन तासांत परत आला. हे आकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. चौक्या थोड्या, त्यांच्यामधील अंतरे लांब. अशा शर्यतीत ज्याचे पाय चपळ व दम मोठा, त्याचेच पारडे जड राहावयाचे. दिशाशोधन नावापुरते होते. खरी कसोटी धावण्याचीच होती.

हे चित्र पालटण्यास एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश मेजरचे प्रयत्न कारणीभूत झाले. ते बालवीर चळवळीतील नेते होते. पहिल्या महायुद्धानंतर मैदानी खेळांकडे तरुणांचा ओढा कमी होत चालल्याचे त्यांनी पाहिले. रानाची ओढ आणि शोधाचे कुतूहल यांची जोड दिली, तर हीच मुले आनंदाने धावतील, अशी त्यांची अटकळ होती. 25 मार्च 1919 रोजी स्टॉकहोमच्या दक्षिणेस त्यांनी स्पर्धा भरविली, तेव्हा दोनशेहून अधिक स्पर्धक जमले. किलांडर तेवढ्यावर थांबले नाहीत. चौक्या कोठे ठेवाव्यात, मार्ग कसा योजावा, कोणत्या वयास कोणते अंतर द्यावे, याचे नियम त्यांनी वर्षानुवर्षे घडविले. स्कँडिनेव्हियात त्यांना या खेळाचे जनक मानतात, ते यासाठीच. 1934 पर्यंत एकट्या स्वीडनमध्ये अडीच लाखांवर लोक हा खेळ खेळू लागले होते.

तथापि नियम सुधारले तरी साधने जुनीच होती. त्या काळचे लष्करी नकाशे एकास एक लाख या प्रमाणाचे असत. म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर कागदावर एका सेंटिमीटरात मावावयाचा. अशा नकाशात लहानशी टेकडी, ओढ्याचा फाटा किंवा एखादा मोठा खडक यांना जागा कोठून मिळणार? होकायंत्राची सुई तर थरथरत राही, आणि ती स्थिर होईपर्यंत धावणाऱ्यास मुकाट्याने उभे राहावे लागे. 1930 नंतरच्या दशकात गुन्नार टिलांडर आणि शेलस्ट्रोम बंधू यांनी ‘सिल्वा’ होकायंत्र पुढे आणले. त्यात कोनमापक व होकायंत्र एकाच पारदर्शक पट्टीवर बसविलेले होते, आणि सुई द्रवात ठेवण्याच्या युक्तीने तिचे थरथरणे आवरले गेले. धावता धावता दिशा घेणे प्रथमच खऱ्या अर्थाने शक्य झाले.

मग पाळी आली नकाशांची. दुसऱ्या महायुद्धानंतर खास या खेळासाठी नकाशे काढले जाऊ लागले. पुढे ते रंगीत झाले, त्यांचे प्रमाण मोठे झाले, आणि समोच्चरेषा इतक्या जवळ आल्या की पाच मीटरांचा चढउतारही कागदावर दिसू लागला. 1961 मध्ये कोपनहेगन येथे 10 राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापिला. 1966 मध्ये फिनलंडमधील फिस्कार्स येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत पुरुषांत नॉर्वेचा ओगे हाडलर आणि स्त्रियांत स्वीडनची उल्ला लिंडक्विस्ट हे वैयक्तिक विजेते ठरले.

साधने सुधारली म्हणजे काम सोपे झाले, असे कोणासही वाटेल. येथे मात्र उलटेच घडले. नकाशा सूक्ष्म झाल्याबरोबर चौकीही सूक्ष्म जागी जाऊन बसली. पूर्वी ती दुरून दिसणाऱ्या ठिकाणी असावयाची. आता ती झाडीतील एका खळग्यात लपली. परिणामी वेग आणि सावधपणा यांचा झगडा अधिकच तीव्र झाला. साधे गणित मांडून पाहा. समजा, दहा किलोमीटरांच्या शर्यतीत एकाने प्रत्येक किलोमीटरास दहा सेकंद वाचविले. म्हणजे एकूण शंभर सेकंद, पावणेदोन मिनिटांहूनही कमी. आणि एका चौकीपाशी तो खळगा चुकून शेजारच्या खळग्यात दोन मिनिटे शोधत राहिला, तर सगळी कमाई तेथेच खर्ची पडून वर कर्ज उरते. उलट जो पावलापावलाला थांबून नकाशा पाहील, तो कोठेही चुकणार नाही. पण त्याला बक्षीसही मिळणार नाही.

आपल्याकडे रानात वाट चुकून फिरफिरून त्याच जागी येणाऱ्या माणसाला ‘चकवा लागला’ असे म्हणतात. या खेळातील चकवा बाहेरून येत नाही, धावणाऱ्याच्या मनातूनच येतो. छातीत दम मावेनासा झाला की बुद्धीचाही दम सुटतो. डोळ्यांपुढे टेकडी दिसते. नकाशावरही एक टेकडी असते. आणि ती हीच, असे मन ठरवून टाकते. मग ओढा उलट्या बाजूने वाहत असला तरी मन त्यालाही काही कारण शोधून देते. जमीन नकाशाला जुळत नसेल, तर थकलेले मन तिला ओढूनताणून जुळवून घेते. चूक उघडकीस येते ती पाच मिनिटांनी. ती झालेली असते मात्र पहिल्या त्या टेकडीपाशी.

यावर जाणत्यांनी काढलेला तोडगा मोठा शहाणपणाचा आहे. सगळी वाट एकाच वेगाने धावू नये, हे त्याचे सार. दोन चौक्यांमधील बराचसा प्रदेश असा असतो, की तेथे एखादी पायवाट, कुंपण किंवा ओढा जिन्याच्या कठड्यासारखा सोबत करतो. तेथे नकाशा मिटून जिवाच्या आकांताने पळावे. चौकीच्या अलीकडे हमखास ओळखू येईल असे एक ठिकाण आधीच हेरून ठेवावे. तेथे पोहोचताच वेग आवरावा, नकाशा उत्तरेस जुळवावा, आणि पुढचे शे-दोनशे मीटर डोळ्यांत तेल घालून चालावे. चौकी हाती येण्यापूर्वीच पुढच्या मार्गाचा विचार झालेला असावा, म्हणजे तेथे क्षणभरही रेंगाळावे लागत नाही. अलीकडे प्रत्येक चौकीवरील वेळ विद्युत्-यंत्राने टिपली जाते. त्यामुळे कोणी कोठे किती गमावले, हे शर्यतीनंतर लख्ख दिसते.

फ्रान्सचा थिएरी जॉर्जियू हा मध्यम अंतराच्या शर्यतीचा अनेक वेळचा जगज्जेता. पूर्ण वेग आणि चूक एकही नाही, हे त्याचे ब्रीद या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. 2009 मध्ये हंगेरीतील मिश्कोल्ट्स येथे जागतिक स्पर्धेच्या सांघिक शर्यतीत तो अखेरच्या टप्प्यात धावत होता. पदके दृष्टिपथात आली होती. इतक्यात आघाडीच्या गटातील स्वीडनच्या मार्टिन जोहान्सन याच्या मांडीत लाकडाचा एक तुकडा खोल घुसला. जॉर्जियू थांबला, नॉर्वेचा आंदेर्स नूर्डबर्ग थांबला, चेक संघाचा मिखाल स्मोला थांबला. तिघांनी आपापल्या देशाचे पदक बाजूस सारून जखमी प्रतिस्पर्ध्यास मदत केली. सुवर्णपदक स्वित्झर्लंडला मिळाले.

कोठे धावावे आणि कोठे थांबावे, हे ओळखणे हीच या खेळाची सारी विद्या आहे. मिश्कोल्ट्सच्या त्या रानात थांबण्याची जागा कोणत्याही नकाशावर दाखविलेली नव्हती. त्या तिघांनी ती ओळखली, आणि ओळखण्यास विलंब लावला नाही.