त्रैक्य आणि भुकेल्याची भाकरी

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ख्रिस्ती प्रार्थनेत ही तीन नावं हमखास कानांवर पडतात. देव जर एकच, तर नावं तीन कशी, असं मला अनेकजण विचारतात. त्याचं उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहेच. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते एका दुष्काळात जास्त स्पष्ट दिसतं.

गोष्ट चौथ्या शतकातली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा धर्मगुरू होता. ख्रिस्त श्रेष्ठ खरा, पण तो देवानं निर्माण केलेला, म्हणून देवाच्या बरोबरीचा नव्हे, असं त्याचं म्हणणं. वाद इतका पेटला, की इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं नायसिया इथं बिशपांची परिषद बोलावली. आज हे गाव तुर्कस्तानात आहे. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असं परिषदेनं ठरवलं. निर्णय झाला, पण वाद मिटला नाही. सम्राट बदलला की राजाश्रय दुसऱ्या बाजूला जाई. निर्णयाचा कैवार घेणाऱ्या अथनेशियस या बिशपाला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. बाजारात पावाचा भाव विचारला, तरी लोक पिता मोठा की पुत्र यावरच बोलू लागतात, असं निसाच्या ग्रेगरीनं वैतागून लिहून ठेवलं आहे.

या ग्रेगरीचा थोरला भाऊ बेसिल. कॅपाडोशिया प्रांतातलं हे सधन घराणं. बेसिल अथेन्समध्ये शिकला. त्यांची सर्वांत थोरली बहीण मॅक्रिना. तिनं घरातल्या दासींना आपल्या बरोबरीचं मानलं, त्यांच्याच पंक्तीला बसून ती जेवू लागली. ३६९ च्या सुमारास या प्रांतात भीषण दुष्काळ पडला. धान्याची कोठारं भरलेली, पण कुलपं लागलेली. बेसिलनं धनिकांना तोंडावर सुनावलं, की तुमच्याकडे पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे आणि पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे. त्यानं उपाशी माणसांना एकत्र केलं आणि स्वतः वाढलं. ३७० मध्ये तो सीझरियाचा बिशप झाला. शहराबाहेर त्यानं आजारी, निराधार, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एक वसाहतच उभारली.

याचा त्रैक्याशी संबंध काय? मला वाटतं, इथंच सगळं मर्म आहे. पुत्राला देव मानणारे काहीजण पवित्र आत्म्याला मात्र देवाचा सेवक म्हणत होते. त्यांना उत्तर म्हणून बेसिलनं ३७५ च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला. त्याचा युक्तिवाद साधा होता. माणसाची पवित्रता मिळालेली असते, स्वतःची नसते. पवित्र आत्मा मात्र माणसाला पवित्र करतो. ज्याच्याजवळ उसनंच आहे, तो दुसऱ्याला काय देणार? म्हणून पवित्र आत्मा निर्मितीत मोडत नाही, तो पिता-पुत्राच्या बरोबरीचाच.

यातून दुसरी गोष्ट ओघानंच येते. देवाचं स्वरूपच जर परस्परप्रेमाचं असेल, तर पवित्रता एकट्यानं साधण्याची वस्तू राहत नाही. बेसिल स्वतः वैरागी, पण एकांतवासाच्या आग्रहाला त्याचा विरोध होता. ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले. तू एकटाच राहिलास तर कोणाचे पाय धुशील, असा त्याचा सवाल असे.

एरियसच्या बाजूच्या सम्राट व्हॅलेन्सच्या अधिकाऱ्यानं त्याला जप्तीची, हद्दपारीची धमकी दिली. जीर्ण कपडे आणि चार पुस्तकं याशिवाय माझं जप्त काय करणार, असं बेसिलनं विचारलं. ३८१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेनं पवित्र आत्मा पिता-पुत्रासमवेत वंदनीय असल्याचं जाहीर केलं. तो दिवस पाहायला बेसिल उरला नव्हता.

नायसियाच्या परिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. तिथं ठरलेले शब्द आजही चर्चमध्ये म्हटले जातात. ते ओठांवर येणं सोपं आहे. बेसिलनं मात्र त्यांची कसोटी लावली ती कोठाराच्या दाराशी. आपल्या घरात जास्तीचं काय पडून आहे आणि ते खरं कोणाचं आहे, हा त्याचा प्रश्न धर्म कोणताही असो, आपल्यालाही चुकत नाही.