दुष्फेन पाणी आणि तुंबलेला ब्रश

गालिचे धुण्याच्या यंत्राविषयी सर्वांत जुनी तक्रार म्हणजे ब्रश गरगर फिरतो, टाकी भरलेली असते, पण साबण काही खाली उतरत नाही. अशा वेळी दोष यंत्राच्या माथी मारला जातो. मला मात्र हा दोष मुळात साबणाचा वाटतो, आणि इतिहासही त्याच बाजूने साक्ष देतो. १८७६ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्समध्ये मेल्विल बिसेल याने गालिचा झाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ याने हवेच्या ओढीवर धूळ खेचणारे यंत्र आणले आणि पुढच्याच वर्षी, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने, वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे त्याने स्वच्छ केले. ही दोन्ही यंत्रे कोरडी होती. ओले काम मात्र बादली, ब्रश आणि गुडघ्यांवर बसलेला माणूस यांच्याकडेच राहिले. (त्या कामाला पुढे चिकटलेला ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्या चंपीच्या कुळातून, तिथे त्याचा पहिला अर्थ अंग रगडणे असा होता.)

ओल्या कामाची अडचण मराठी विज्ञानाच्या पुस्तकांनी एका शब्दात पकडली आहे: दुष्फेन पाणी, म्हणजे ज्यात फेस मुश्किलीने येतो ते. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांना धरतात आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीत तो तरंगतो, हाताने बाजूला सारता येतो. टाकीतून नळीत आणि नळीतून ब्रशच्या बारीक भोकांत उतरणाऱ्या द्रावणात मात्र तोच साका बूच होऊन बसतो. पाण्यात सोडा घातला की प्रश्न मिटतो, असे कोणी म्हणेल. कपड्यांच्या धुलाईत ते चाललेही. पण गालिचा लोकरीचा, आणि अल्कलीने लोकर खराब होते, कच्चा रंग फुटतो. आपल्याकडे लोकरी आणि रेशमी वस्त्रांसाठी रिठा वापरत, तो उगाच नव्हे: रिठ्याचा फेस दुष्फेन पाण्यात असा फाटत नाही. युरोपला हा गुण कारखान्यात घडवावा लागला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला आणि तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी साबणाविना धुणारी द्रव्ये शोधायला घेतली. १९३२ साली जर्मनीत नाजूक कपड्यांसाठी ‘फेवा’ आणि १९३३ साली अमेरिकेत ‘ड्रेफ्ट’ बाजारात आले. ही डिटर्जंट दुष्फेन पाण्यातही फेस देतात, मागे साका ठेवत नाहीत. साबण टाकीत भरून नळीने सोडणे बेभरवशाचे राहिले नाही, ते या द्रव्यांमुळे.

यावर यंत्र दुरुस्त करणारा कारागीर हसेल. द्रावण नुसत्या वजनाने खाली येते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बंद झाले की आत पोकळी होते आणि धार थांबते, दांड्यावरचा खटका कितीही दाबा. शिवाय खटक्याची तार सैल पडते, व्हॉल्व्हचे रबर झिजते. यात रसायन कुठे आले? तार आणि रबर यांच्यापुरते त्याचे म्हणणे मान्य. पण हवेचे छिद्र बुजते ते बहुधा वाळलेल्या शॅम्पूनेच, आणि तो तिथे वाळून कडक होतो याला कारण आहे. डिटर्जंटचा चिकट अंश धाग्यांवर राहिला की त्यावर धूळ बसते, धुतलेला गालिचा लवकर मळतो. म्हणून वाळल्यावर ठिसूळ स्फटिक होतील असे शॅम्पू बनवण्यात आले. ते स्फटिक नंतर झाडूने किंवा व्हॅक्यूमने निघून जातात. गालिच्यावर हवा असलेला हाच गुण रात्रभर न धुता ठेवलेल्या यंत्रात अवगुण ठरतो. द्रावण नळीत वाळते, भोकाच्या तोंडाशी स्फटिक साचतात, आणि तिथे पोहोचायला व्हॅक्यूम नसतो. काम संपल्यावर टाकीत साधे कोमट पाणी भरून, खटका दाबून, ब्रशमधून नितळ पाणी येईपर्यंत यंत्र चालवायचे, एवढीच यावरची तजवीज. आणि सकाळी धार अडलेली दिसली, तर पेचकस हातात घेण्याआधी झाकण सैल करून पाहायचे.